पाळीवरचा सेल्फी पॉइंट

बुलढाणा जिल्ह्यात तलाव पावसाळ्यात पर्यटनस्थळ असतो आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाळपेराचं शेत. उरलेल्या दिवसांत त्याचं सुशोभीकरण चालतं.

मातीच्या पाळीवर आधी पेव्हर ब्लॉक बसतात, मग कमान, मग लाल बदामाशेजारी ‘आय लव्ह’ आणि गावाचं नाव. उद्घाटनाला आलेले साहेब पाळीवरच वडाचं रोप लावतात. मातीच्या धरणावर झाड वाढू देऊ नये, हे पाटबंधारेवाल्यांना पाठ असतं. मुळं भिंतीत शिरतात, झाड मेलं की कुजतात आणि त्या पोकळीतून झिरपणारं पाणी माती घेऊनच बाहेर पडतं. पण भिंतीच्या पाण्याकडच्या उतारावरचे, म्हणजे पिचिंगचे, ढासळलेले दगड फोटोत बरे दिसत नाहीत. वड दिसतो.

सांडव्याकडे तर कोणी फिरकतच नाही. जास्तीचं पाणी भिंतीवरून न जाता बाजूने निघून जावं, एवढंच त्याचं काम. मासे निसटू नयेत म्हणून ठेकेदाराने तिथं जाळी ठोकलीय. जाळीत बेशरमाच्या काड्या, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि डाव्या पायाची एक चप्पल. (उजवी बहुधा पाणी सोडायच्या विमोचकात असावी.)

उद्या काही झालंच, तर आरोपी तयार आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी मात्र भिंत पोखरणाऱ्या खेकड्यांकडे बोट दाखवलं. ठाण्यात विरोधकांनी खेकडे थेट पोलिसांपुढे हजर केले. तेव्हापासून आमच्याकडचे खेकडेही म्हणे वकील शोधताहेत.

जिल्ह्याने एक शहाणपण मात्र केलं. तलावांतला गाळ-मुरूम उपसून महामार्गाच्या भरावाला दिला. रस्त्याला माती मिळाली, तलावाला खोली, आणि ‘बुलढाणा पॅटर्न’चं नाव दिल्लीपर्यंत गेलं. अडचण एवढीच की खोली काठावरून दिसत नाही, तिच्यापुढे उभं राहून सेल्फीही निघत नाही. म्हणून आता त्या खोल पाण्यात बोटिंगचा प्रस्ताव आहे. अंदाजपत्रकात बदकाच्या आकाराच्या बोटी आहेत, लाइफ जॅकेटं आहेत. जॅकेटं बोटीतल्यांपुरतीच धरलीत. पाळीखालच्या वस्तीचा त्यात उल्लेख नाही.