नानांचा रविवारचा वर्ग, रेडिंग शाखा

रेडिंग, 8 मार्च

ती. आई-नानांना साष्टांग नमस्कार,

व्हॉट्सॲपवर लिहिलेल्या मजकुराला नाना पत्र मानत नाहीत, म्हणून हा कागद. समास सोडला आहे, ओळी सरळ आहेत. नानांनी लाल पेन घेऊन बसायला हरकत नाही.

आम्ही सगळे मजेत. तुमची नात इयर सिक्समध्ये, म्हणजे आपल्या हिशेबाने पाचवीत आहे, पण घरात वातावरण दहावीचं आहे. इथे प्राथमिक शाळा संपताना मे महिन्यात सॅट्स नावाची सरकारी परीक्षा असते. त्यात इंग्रजी व्याकरणाचा वेगळा पेपर : 45 मिनिटं, 50 गुण. शिवाय 20 शब्दांचं स्पेलिंग. नंतर त्या गुणांचं 80 ते 120 अशा पट्टीवर रूपांतर करतात. 100 आले की मूल पास, पण पास म्हणायचं नाही, ‘अपेक्षित पातळी गाठली’ म्हणायचं. इंग्रज माणूस निकालसुद्धा कुणाला लागणार नाही अशा बेताने लावतो.

व्याकरणाचा हा पेपर 2013 साली आला आणि 2016 पासून आणखी अवघड झाला. आता खरी गंमत ऐका. 1960 नंतर इथल्या बहुतेक शाळांनी व्याकरण शिकवणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. मूल वाचेल, बोलेल, लिहील, आपोआप शिकेल, असा विचार. त्यामुळे आज ज्यांची मुलं हा पेपर देतात, त्या आई-बापांना स्वतःला क्रियाविशेषण कशाशी खातात ते ठाऊक नाही. आमची शेजारीण इथेच जन्मली, इथेच वाढली. बोलायला लागली की ऐकत राहावं. ती परवा मुलाची वही घेऊन आली आणि दारातच विचारलं, “डिटर्मिनर म्हणजे काय गं?” मी ओट्यावर कणीक मळता मळता सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याकडे ज्या आदराने बघते, तशा आदराने नानांनीही माझ्याकडे कधी बघितलं नसेल.

उलट तुमच्या जावयांचं बघा. रेन अँड मार्टिन तोंडपाठ. तो रेन तर आपल्याकडे, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, शिक्षण खात्यात नोकरीला होता. म्हणजे त्यांनी आपल्याला व्याकरण दिलं आणि स्वतःकडे एक प्रतसुद्धा ठेवली नाही! पण एवढं पाठांतर असूनही, परवा पोस्टमनने सहज “यू ऑलराइट?” म्हटलं, तर यांनी त्याला उजव्या गुडघ्याचा एमआरआय साद्यंत सांगितला. बिचारा पाऊस अंगावर घेत उभा. इथे त्याचं उत्तर फक्त “यू ऑलराइट?” असंच असतं, हे कुठल्याच व्याकरणात दिलेलं नाही.

नाना, तुमच्यासाठी एक किस्सा राखून ठेवलाय. 2016 मध्ये निक गिब नावाचे इथले शिक्षण खात्याचे मंत्री बीबीसी रेडिओवर या परीक्षेची बाजू मांडायला गेले. मुलाखत घेणारीने त्यांनाच प्रश्न टाकला : जेवण झाल्यावर मी सिनेमाला गेलो, अशा अर्थाच्या वाक्यात ‘आफ्टर’ ही शब्दाची कोणती जात? मंत्री म्हणाले, प्रीपोझिशन. पुढे ‘आय हॅड ईटन’ असं अख्खं उपवाक्य उभं असताना! वाईच्या तुमच्या वर्गात हे उत्तर देणारा उरलेला तास दाराबाहेर उभा राहिला असता. इथे तो मंत्रिपदावर राहिला.

आता आई, तुझ्याकडे येते. तू म्हणशील, मला सातवीपुढे इंग्रजी नव्हतं, मला यातलं काय कळतंय? तर ऐक. या पेपरात फ्रंटेड ॲडव्हर्बियल नावाचं एक मोठं प्रस्थ आहे. कधी, कुठे, कसं हे वाक्याच्या सुरुवातीलाच सांगायचं आणि पुढे स्वल्पविराम द्यायचा. इथल्या पोरांना ते घोकावं लागतं. तुझं एकही वाक्य त्याशिवाय सुरू होत नाही. “काल संध्याकाळी, दिवेलागणीला, गणपतीच्या देवळाबाहेर, त्या कासाराच्या दुकानासमोर...” आणि क्रियापद येईपर्यंत माझी कॉलची वेळ संपते.

दुसरं, सब्जंक्टिव्ह. ‘इफ आय वेअर यू’ वगैरे. हे ऐकून शेजारणीचा चेहरा उतरला. पण तू तर माझ्या लग्नानंतर माझ्याशी याच रूपात बोलत आलीस : “मी तुझ्या जागी असते ना, तर...” 

तिसरं, उद्गारवाचक वाक्य. इथल्या नियमाने ते ‘व्हॉट’ किंवा ‘हाउ’नेच सुरू व्हायला हवं आणि त्यात क्रियापद हवं. त्यामुळे तुझ्या “अगं बाई!”ला शून्य गुण. इथे मात्र तुझी दांडी उडते.

कर्मणी प्रयोग तुमच्या नातवाने नुसता ऐकून उचललाय. शनिवारी माझा निळा मग फुटला. मी आवाज चढवला तर शांतपणे म्हणाला, “मम, द मग वॉज ब्रोकन.” कुणी फोडला? तर ताईकडे बोट दाखवून म्हणतो, “ती म्हणाली, पॅसिव्हमध्ये कर्ता सांगायची सक्ती नसते.” नियम बरोबर आहे, त्यामुळे ओरडता येईना. 

एक गोष्ट मात्र खटकते. परीक्षेच्या नादात मुलांचं लिहिणं ओझ्याने वाकायला लागलंय. मायकेल रोझेन हे इथले मुलांचे लाडके कवी-लेखक या पेपरावर सतत टीका करतात, ती उगाच नाही. पोरीने ‘कुत्रा पळाला’ एवढं लिहिलं तर शाळेतून शेरा येतो, अजून विशेषणं घाल, सुरुवात बदल. मग तो कुत्रा ‘अचानक, काळोख्या रात्री, घाबऱ्याघुबऱ्या डोळ्यांनी’ पळतो आणि फाटकापाशी पोहोचेपर्यंत वाचणारा दमतो. व्याकरणातली नावं सगळी यायला लागली, पण गोष्ट सांगायची कधी?

म्हणून मी एक ठरवलंय. रविवारचा नानांचा फोनवरचा वर्ग चालू राहील, वाक्य पृथक्करणाच्या चौकटींसकट. शेजारीण आणि तिचा मुलगाही बसणार आहेत, दोघांच्या वह्या आणून झाल्यात. पण नानांचा अर्धा तास झाला की फोन तू घ्यायचास आणि पोरांना गोष्ट सांगायचीस, मराठीतच. शेजारणीला तुझी नात भाषांतर करून सांगेल, त्यात सगळं व्याकरण वापरलं जाईल आणि तिला कळणारही नाही. क्रियापद उशिरा आलं तरी चालेल.

वेळेचं लक्षात ठेवा. 29 मार्चला इथली घड्याळं एक तास पुढे जातील, म्हणजे फरक साडेपाचवरून साडेचार तासांवर येईल. आमचे सकाळचे दहा तेव्हा तुमचे अडीच. नानांच्या वामकुक्षीची वेळ, माहीत आहे. मुलांना अकरा सांगितलेत.

शेजारणीने फी विचारली. नाना फी घेत नाहीत म्हटल्यावर तिने शॉर्टब्रेडचा डबा दिलाय. येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. डबा तुझ्या ताब्यात ठेव आई, नानांची साखर गेल्या वेळी वाढली होती. त्याच माणसाबरोबर परत येताना मेतकूट आणि भाजणी दे.

तुमची,
बाळी

ता. क. : नाना, पत्र तपासून परत पाठवलंत तरी चालेल, पण गुण देऊ नका. मुलं मागून बघतात.