काकांनी न मोजलेला पाऊस

२०२५ साली मॉन्सून २४ मे रोजी केरळात पोचला आणि २६ मे रोजी मुंबईत. मधे गोवा आहे, तेव्हा आम्ही भिजलो हे वेगळं सांगायला नको. मोरजीत त्या वेळी अंगणात मिरच्या होत्या, सोलं होती, फणसाचे पापड होते, सुकी मासळी होती. पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, सगळा संसार उन्हाच्या भरवशावर मांडलेला. पहिले टपोरे थेंब पडले आणि काकी आपले दुखरे गुडघे विसरून धावली. अर्ध्या मिरच्या वाचल्या. पापडांचं परत पीठ झालं.

काका ओसरीवरून हलले नाहीत. पागोळ्यांच्या धारा लागल्या होत्या, खाली किनाऱ्यावर शॅकवाले भिजत बांबू सोडवत होते, आणि काकांनी निकाल दिला, "हो पावस न्हय."

मी मोबाईल पुढे केला. हवामान खात्यानं मॉन्सून आल्याचं जाहीर केलं होतं. काकांनी चष्माही लावला नाही. "मिरग येवंदी," म्हणाले.

मिरग म्हणजे मृग नक्षत्र, ७ किंवा ८ जूनला लागणारं. त्याआधी पडतं ते पाणी, पाऊस नव्हे, असा काकांचा हिशेब. मला तो हटवादीपणा वाटायचा. मग कळलं की खुद्द हवामान खात्याचा पावसाळाही १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंतच धरला जातो. म्हणजे मॉन्सून आला हे खातं सांगणार, पण मेमध्ये त्यानं ओतलेलं पाणी लिहिणार मात्र मॉन्सूनपूर्व पाऊस म्हणून! काका आणि खातं यांच्यात मतभेद असलाच तर आठवड्याभराचा. हे मी काकांना सांगितलं नाही. सरकार आपल्या बाजूचं आहे हे कळलं असतं तर त्यांनी मत बदललं असतं.

गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आम्ही तो अजून इंचांतच मोजतो आणि शंभर इंच भरले की फलंदाजाचं शतक झाल्यासारखी बातमी छापतो. सगळा पडेल तिथेच साचून राहिला तर ३ मीटर, म्हणजे आमच्या घराचं दार बुडून वर उरेल. पण भाताला पाणी किती यापेक्षा कधी, याचीच पंचाईत जास्त.

काका कारणं सांगत नाहीत, मिरगाचं वाहन यंदा म्हैस की कोल्हा एवढंच सांगतात. कारणं मी शेतातल्या चिखलात उभं राहून शिकलो. मेअखेर पाऊस आला की कोरडी नांगरट राहून जाते आणि भाताच्या आधी तण डोकं काढतं. घाईनं बी टाकावं, तर ज्योतीसारख्या वाणाचं भात चारेक महिन्यांत पिकतं, म्हणजे सप्टेंबरअखेर कापणीला येतं. तेव्हा पाऊस अजून गेलेला नसतो. आडवं झालेलं भात मग शेतातच मोड काढतं, आणि मालक मेरेवर बसून बघत राहतो.

अर्थात मेरेवर बसायला तरी शेत लागतं. आमच्या डावीकडचं शेत कित्येक वर्षं पड आहे. ते बघायला माणसं मात्र बारमाही येतात, गाडीतून, आणि दर वेळी एकच विचारतात, इथून समुद्र दिसतो का. पाऊस कुठला, मिरगाचा की मेमधला, हे त्यांच्यातल्या कोणी अजून विचारलेलं नाही.

तर मे संपता संपता पावसाचा दम गेला. मुंबईपर्यंत धावत गेलेला मॉन्सून तिथेच दोन आठवडे बसून राहिला आणि आमच्याकडेही जोर ओसरला. ज्यांनी घाई केली ते आभाळाकडे बघू लागले. काकांनी मिरगाच्या आदल्या दिवशी बी भिजत घातलं, मिरगाच्या जेवणासाठी कोंबडा आणायला मला पिटाळलं, आणि मिरगाच्या सकाळी टोपी घालून पावसाचं स्वागत करायला अंगणात उभे राहिले.

लख्ख ऊन पडलं होतं. काकीनं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि उरलेल्या मिरच्या वाळत घातल्या.