परवाना न लागणारी खरेदी

बंदूक साफ करायच्या सामानाला परवाना लागत नाही, आणि नव्या परवानाधारकाची सगळी गडबड इथूनच सुरू होते. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचा डोळा बंदुकीवर असतो, काडतुसांवर असतो. 2019 च्या दुरुस्तीने तर एका माणसाने किती बंदुका बाळगायच्या तो आकडाही तीनवरून दोनवर आणला. गज, ब्रश, चिंध्या आणि तेल यांच्याकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. पोलीस पडताळणी, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, साहेब जागेवर नसणे, साहेब जागेवर असून मूडमध्ये नसणे, हे सगळे पार करून आलेल्या माणसाला ‘घ्या की, साहेब’ म्हणणारा पहिला प्राणी भेटतो तो शस्त्रविक्रेता. मग हौसेला मोल राहत नाही.

पहिल्याच फेरीत घेतली जाते ती भलीमोठी पेटी. तिच्यात जगातल्या यच्चयावत बंदुकांच्या मापाचे ब्रश असतात. घरात बंदूक एकच असते, आणि नेमका तिच्याच मापाचा ब्रश झाकणाखाली दडलेला असतो. मापाचे गणितही सरळ नाही. नळीत बसणाऱ्या शिशाच्या 12 गोळ्या मिळून एक पौंड वजन भरले, तर ती 12 बोअरची बंदूक. म्हणजे इथे आकडा वाढला की नळी बारीक होते: 12 बोअरची साधारण साडेअठरा मिलिमीटर, 20 बोअरची त्याहून कमी. कानपुरी रिव्हॉल्व्हरवरचा पॉइंट थ्री टू हा आकडा मात्र इंचाचा, म्हणजे जेमतेम 8 मिलिमीटरचा. बाजारात त्यालाही सर्रास ‘बत्तीस बोअर’ म्हणतात. त्या बोलीवर विसंबून खरोखरच 32 बोअरचा ब्रश मागवला, तर तो 13 मिलिमीटरच्या वरचा निघतो आणि थेट बाटल्या धुण्याच्या खात्यात जमा होतो.

खरी गरज असते ती चांगल्या गजाची. तीन तुकडे फिरवून जोडायचा स्वस्त गज सांध्यापाशी वाकतो आणि नळीला आतून घासतो. एकसंध गज महाग पडतो, पण तोच घ्यावा. दुनळी मोडून मागच्या बाजूने गज घालता येतो. रिव्हॉल्व्हरला मागून सांगाडा आडवा येतो, म्हणून तिथे तोंडाकडूनच जावे लागते, नळीची कड सांभाळत. ब्रश काशाच्या तारांचा असावा, म्हणजे झिजायचा तो ब्रश झिजतो, पोलाद शाबूत राहते. तो नेहमी आरपार न्यावा. अर्ध्यातून मागे ओढला की तारा उलट्या होतात, ब्रश रुतून बसतो आणि ज्यांनी जन्मात बंदूक पाहिली नाही, तेही तो काढण्याची युक्ती सांगू लागतात.

यानंतर रसायने. फ्रँक हॉप यांनी 1903 साली अमेरिकेत बाजारात आणलेले ‘हॉप्स नंबर नाइन’ हे नळी साफ करायचे द्रावण आजही मिळते. त्याच्या वासावर जुने शिकारी भाळतात. घरातली बाकीची मंडळी खिडक्या उघडतात, आणि बरोबर तीच असतात. त्याच्या शेजारच्या बाटलीत अमोनियाचे, तांबे काढणारे द्रावण असते. तांब्याचे वेष्टन असलेली गोळी झाडणाऱ्या रायफलीला ते उपयोगी. शिशाचे छरे उडवणाऱ्या दुनळीत तांबे येणार कुठून? तरीही ते घेतले जाते. पहिली चिंधी निळी निघते आणि मालक धन्य होतो: बाप रे, किती घाण! प्रत्यक्षात अमोनिया गजाच्या पितळी टोकातले तांबे खात असतो. पुन्हा द्रावण, पुन्हा निळी चिंधी. नळी केव्हाच लख्ख झालेली असते, रविवार मावळतीला लागलेला असतो आणि जेवायला हाका मारणारे जेवून झोपलेले असतात.

तेलाच्या बाबतीत घरचा वैद्य पुढे येतो. खोबरेल थंडीत गोठते आणि कालांतराने चिकट होते. शेंगदाण्याचे तेल चकलीसाठी ठेवावे. शिलाई मशीनचे पातळ तेल त्या मानाने गुणी आहे, पण थेंबाथेंबाने. बंदुकीला अभ्यंगस्नान घातले की तेल आत झिरपून काडतुसाच्या टोपीपर्यंत पोहोचते आणि ऐनवेळी बार फुसका जातो. चिंध्यांसाठी जुन्या सुती बनियनला पर्याय नाही. टूथब्रश जुना घ्यावा, आणि तो आपलाच असल्याची खात्री करावी.

जेवणाचे टेबल या कामाला वर्ज्य. शिशाची पूड पोटात जाऊ नये म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहावे. ‘साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी नेहमी रिकामी समजलेल्या बंदुकीचीच असते.

दसऱ्याला शस्त्राची पूजा होते. ओले गंध आणि झेंडू रात्रभर नळीवर राहिले, तर देवाच्या आधी गंज पावतो. दुसऱ्या दिवशी पुसून तेलाचा हात फिरवावा. कातडी म्यानात बंदूक कायमची ठेवू नये, कातडे ओल धरते. कोकणातल्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. आचारसंहिता लागली की अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. तिथे त्याला पावती मिळते, तेलपाणी मिळत नाही. तेव्हा जमा करण्यापूर्वी नळीला आतबाहेर तेलाचा जरा जाड थर द्यावा, आणि घरी आणल्यावर तो कोरडा पुसल्याशिवाय काडतूस भरू नये.