गच्चीवरचे कृषिमंत्री

पुण्यात ज्या सोसायटीला गच्ची आहे आणि निवृत्त माणसं आहेत, तिथे हे गृहस्थ असतातच. आमच्याकडे त्यांना कोकोपीटकाका म्हणतात, अर्थात पाठीमागे. उभी हयात बँकेत गेली, गाव कधीच सुटलं, जमीन भावकीत अडकली. शेतीवर व्याख्यान द्यायला लागणारी सगळी पात्रता अंगी आली.

काकांची मोहीम एका ओळीची आहे: घरटी निदान एक कुंडी भाजीची. त्यासाठी रविवारी सकाळी ते दारोदार फिरतात. हातात रोप, खांद्याला झोळी. ‘ऊन किती तास येतं?’ हा पहिला प्रश्न. तुम्ही ‘बसा ना’ म्हणेपर्यंत ते बाल्कनीत पोचून कपड्यांची दोरी सरकवत असतात. कुणाकडे रंगकाम निघणार हे रंगाऱ्याच्या आधी काकांना कळतं, कारण रिकाम्या बादल्यांवर त्यांचा डोळा. मासळी बाजारातून थर्माकोलचे खोकेही येतात. काका स्वतः माळकरी, पण त्यांची मेथी पापलेटाच्या खोक्यात वाढते.

खोक्याला खाली भोकं, तळाशी नारळाच्या शेंड्या, वर पालापाचोळा, आणि माती नावापुरती. ओली माती फार जड होते, स्लॅबला सोसत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ते फक्त सर्वांत वरच्या मजल्यावरच्या जोश्यांना पटत नाही. जोश्यांच्या छताला ओल आहे. ‘ती जुन्या कोब्याची आहे,’ असं काका म्हणतात. ‘ती तुमच्या पालकाची आहे,’ असं जोशी म्हणतात. वार्षिक सभेत ताळेबंद पाच मिनिटांत मंजूर होतो, ओलीवर तास जातो.

काकांचं दैवत म्हणजे श्रीपाद अच्युत दाभोलकर. गणिताचे हे प्राध्यापक ‘प्रयोग परिवार’ उभा करून गेले. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, असं त्यांनी ऊन, पानं आणि पाणी यांचा हिशेब घालून मांडलं. काका तोच हिशेब दहा चौरस फुटांत बसवू पाहतात. शंका काढलीत तर मुंबई पोर्ट ट्रस्टचं उदाहरण येतं. तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी खरकटं आणि भाजीची देठं जिरवून बाग फुलवली. उदाहरण खरं आहे, म्हणून तर वाद घालता येत नाही.

जीवामृताचा दिवस मात्र सोसायटीच्या आठवणीत राहतो. मूळ कृती दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, तेवढंच गोमूत्र, वर गूळ, बेसन आणि मूठभर माती अशी. काकांनी ती एका पिंपावर आणली, तरी वास काही त्या प्रमाणात कमी झाला नाही. पिंप लिफ्टने वर गेलं. त्या दिवशी सहाव्या मजल्यावरच्या आजीसुद्धा जिन्याने चालत गेल्या. ‘बघा, व्यायाम झाला की नाही?’ इति काका.

पण काकांना बघावं ते दुधीच्या हंगामात. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. नर फूल नुसत्या लांब देठावर. मादी फुलाच्या खाली इवलासा दुधी आधीच धरलेला असतो. परागकण पोचवणारे पतंग एवढ्या उंच गच्चीवर येतीलच याची खात्री नाही, आणि पराग पोचला नाही तर तो इवला दुधी पिवळा पडून गळतो. म्हणून ही लग्नं काका स्वतः लावतात, अगदी गोरज मुहूर्तावर. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलावर हलकेच टेकवायचं. त्या वेळी गच्चीवर फोनवर बोलायला बंदी. एकदा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आणि समोरच्या विंगमधली मुलगी टाकीमागे बोलत उभी होती. काकांचं तिकडे लक्षही गेलं नाही, ते दुधीच्या स्थळात गुंतले होते.

पीक आलं की वाटप. पाच घरांत सात भेंड्या. घेणाऱ्याने भाजीचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि ‘चवच वेगळी’ लिहायचं. दोन भेंड्यांची भाजी कशी दिसते हे ज्यांना ठाऊक आहे ते विकतची पाव किलो मिसळतात. काकू तेच करतात. मंडईतून मेथीच्या दोन जुड्या येतात, त्यात गच्चीवरची मूठभर पडते. काका जेवताना म्हणतात, ‘बघ, फवारणी नाही तर कशी लागते!’ काकू मान डोलावतात आणि आणखी वाढतात.

खर्चाचं विचारू नये. कोकोपीट, निंबोळी तेल, हिरवी जाळी आणि कबुतरांसाठी बांधलेल्या चकचकीत पट्ट्या धरल्या तर त्यांचा टोमॅटो चांदीच्या भावात जातो. पण सोसायटीचा ओला कचरा आता गच्चीवरच जिरतो, ही गोष्ट जोशीही नाकारत नाहीत. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्पासाठी मिळकतकरात ५ टक्के सवलत देते आणि जोडीला सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण असेल तर १० टक्के. हे जोश्यांना काकांनीच सांगितलं. त्या दिवसापासून जोशी ओलीबद्दल थोडं हळू बोलतात.

तेव्हा एखाद्या रविवारी तुमच्या दाराशी असे काका उभे राहिले, तर ‘आमच्याकडे ऊनच येत नाही’ ही सबब सांगू नका. तुमचं ऊन त्यांनी समोरच्या गच्चीवरून आधीच मोजलेलं असतं. मुकाट्याने अळूचा कंद मागून घ्या. त्याला कमी ऊन चालतं, आणि वड्या झाल्या की काकांना चार पाठवा.