८० क्रमांकाचा कब्जेदार

सुरळीत चाललेल्या वस्तूकडे स्वस्थ चित्ताने पाहण्याची शक्ती परमेश्वराने काही माणसांना दिलेलीच नसते. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या जळगाव जामोदला अशा माणसांचे पीक कपाशीच्या खालोखाल येते. पूर्वी ही मंडळी चालती सायकल आणि बोलता रेडिओ उघडून बसत. हल्ली ती संगणकात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालतात. या वर्गाचा नमुना म्हणून मी ज्यांना पुढे करीत आहे, ते गृहस्थ महसूल खात्यातून तलाठी म्हणून निवृत्त झालेले असून, पदाचे नाव सरकारने केव्हाच बदलले असले तरी वऱ्हाडच्या रिवाजाप्रमाणे गावाला ते आजही पटवारीसाहेबच आहेत.

मुलाने जाताना ठेवलेला संगणक विंडोजवर बरा चालत होता. त्यात अपाची नावाचा वेब सर्व्हर होता, आणि त्याच्या आधाराने पटवारीसाहेबांनी रचलेले एका पानाचे संकेतस्थळ १२७.०.०.१ या पत्त्यावर त्यांना स्वतःला दिसतही होते. हा पत्ता म्हणजे प्रत्येक संगणकाचे ‘माझे घर’, दुसऱ्याच्या यंत्रावर तो टाकला की त्याचेच दार वाजते, ही गोष्ट ठाऊक नसल्याने त्यांनी तो निम्म्या आळीला लिहून दिला होता, आणि कोणाकडेच काही उघडत नाही असे कळल्यावर दोष विंडोजच्या माथी मारून उबुंटू घालण्याचा निश्चय केला होता.

डिस्कचे विभाजन करावयाचे आहे असे पडद्यावर दिसताच त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यभर भावाभावांच्या वाटण्या नोंदविलेल्या माणसाला याहून परिचित ते काय! महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम ८५, असे पुटपुटत त्यांनी थोरल्या भावाला, म्हणजे विंडोजला, निम्मा हिस्सा ठेवला, निम्मा धाकट्याला दिला आणि मध्ये धुरा घातला. संगणक सुरू होताना आता दोन नावांची यादी येऊ लागली. दहा सेकंदांत निवाडा न केल्यास यंत्र आपणच धाकट्याच्या घरात शिरू लागले. एका जमिनीवर दोन सत्ता आम्हा वऱ्हाडकरांना नव्या नाहीत (१८५३च्या तहानंतर आमचे स्वामित्व निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा होता), पण त्यांपैकी आज कोण, असे रोज सकाळी रयतेला कोणी विचारीत नसे.

धाकट्याच्या घरी अपाची बसवला आणि त्याने पहिल्याच फटक्यात उठण्यास नकार दिला. मला बोलावणे आले तेव्हा पटवारीसाहेब चष्मा कपाळावर सारून सर्व्हरची त्रुटींची नोंदवही वाचीत होते. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या तालुक्यातल्या भेंडवळला, घटाभोवती मांडलेली धान्ये रात्रीतून कुठे सरकली हे पाहून वर्षाचे पाऊसपाणी सांगतात. त्या वेळी भोवती बसलेल्यांच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य असते, तेच यांच्या चेहऱ्यावर होते. एक ओळ त्यांनी बोटाने धरून ठेवली होती. तिचा मथितार्थ असा की, पत्ता आधीच वापरात आहे.

“म्हणजे कब्जा दुसऱ्याचा आहे,” ते म्हणाले. “थोरला धुरा ओलांडून आला असणार.”

थोरला त्या वेळी झोपलेला होता. एका वेळी एकच भाऊ जागा असतो, आणि झोपलेल्याला अतिक्रमण करता येत नाही, हे मी त्यांना विनयपूर्वक सांगितले. तेव्हा स्थळपाहणी करावी असे ठरले. पासवर्ड विचारला गेला. टंकताना एकही अक्षर उमटेना, म्हणून त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. तो पासवर्ड उबुंटू मुद्दामच दाखवीत नाही, हे कळायला चहाचा एक फेरा गेला. शेवटी कब्जेदारांची यादी आली. ८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे ज्या दारी वेब सर्व्हरने बसावयाचे असा जगभरचा शिरस्ता आहे त्याच दारी, एंजिनएक्स नावाचा दुसरा सर्व्हर निवांत बसला होता.

“याला कोणी बसवले?” मी विचारले.

पटवारीसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. परवा रात्री कुणाच्या तरी सल्ल्याने, ‘असू द्यावा एक जास्तीचा’ म्हणून, त्यांनीच तो बसवला होता.

एका दाराचे दोन मालक झाले की काय होते, हे आमच्या गावाला कोणी शिकवावयास नको. एक जळगाव खानदेशात आहे, मोठे आहे, जिल्ह्याचे ठाणे आहे. म्हणून आम्ही शेजारच्या जामोद गावाचे नाव आपल्या नावाला जोडून फिरतो, आणि जोडायचे राहिले की पत्र आधी खानदेश पाहून येते. हा दाखला देताच पटवारीसाहेबांना प्रकरण कळले. एंजिनएक्सला बेदखल केले, अपाचीला ताबा दिला.

तरी पान उघडेना! आता आकडा आला ४०३. हा आकडा वाचून ते ताठ बसले, कारण जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ४०३ संपत्तीच्या अप्रामाणिक अपहाराचे आहे, आणि आपल्यावर असा आरोप ३४ वर्षांच्या नोकरीत झाला नाही असे त्यांनी मला, आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा बेताने, सांगितले. वस्तुतः तक्रार साधी होती. पान ठेवले होते थोरल्याच्या हिश्श्यात, आणि वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून जाण्याची परवानगी असल्यावाचून अपाचीला तिथवर पोचता येत नव्हते.

“मग असं सांगा ना! वहिवाटीचा रस्ता अडवलाय. कलम १४३!” त्यांनी पानाची एक नक्कल धाकट्याच्या आवारात ठेवली.

पान उघडले, त्यातले सातपुड्याचे छायाचित्र मात्र उमटेना. खातरजमेसाठी ते थोरल्याकडे गेले, तर तिथे सातपुडा जागच्या जागी, हिरवागार. पडद्याच्या कोपऱ्यात सव्वा एक वाजला होता. बाहेर दिवेलागण झाली होती, पावणेसात. उबुंटू यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतो आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचतो, म्हणून साडेपाच तासांची ही तूट, पण कोपऱ्याकडे पाहून पटवारीसाहेबांनी सवयीने आत हाक मारली, “ताट वाढलं का हो?” त्यावर आतून जे उत्तर आले ते इथे देत नाही.

छायाचित्राचे कारण चौथ्या दिवशी सापडले. फाइलच्या नावाच्या शेपटीला मोठी इंग्रजी अक्षरे होती आणि पानात लहान लिहिली होती. थोरला दोन्ही एकच मानतो, धाकटा मानत नाही. “नावात काना कमी पडला तर मी फेरफार फेटाळत असे,” पटवारीसाहेब आदराने म्हणाले. धाकट्याबद्दल चांगला शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

नाव दुरुस्त झाले, सातपुडा उगवला. घरातल्या माणसांना बोलावण्यात आले. वहिनी हात पुसत आल्या आणि पडद्यापुढे उभ्या राहिल्या. वर पटवारीसाहेबांचे नाव होते, मध्ये डोंगर, आणि खाली एक ओळ : ‘पत्रव्यवहार करताना जळगावपुढे जामोद हा शब्द वगळू नये.’ वहिनींनी ती दोनदा वाचली, आणखी काही आहे का म्हणून पान खाली ओढून पाहिले.

“येवढ्यासाठी चार दिस जेवाले बलावू बलावू मी थकली?”

“ताबा तर मिळाला,” पटवारीसाहेब म्हणाले. “पेरणी मागाहून करू.”