स्टॉप की हॉल्ट?

'स्टॉप' आणि 'हॉल्ट' या दोन इंग्रजी क्रियापदांत फरक काय, असं विचारलं की शब्दकोश एकाकडून दुसऱ्याकडे पाठवतो आणि दुसऱ्याकडून परत पहिल्याकडे. ज्यांना हे हेलपाटे नकोत त्यांनी करमाळा तालुक्यातल्या जेऊरला यावं. इथे रेल्वे आहे, एसटी आहे, केळी भरायला येणारे ट्रक आहेत. त्यामुळे ताटकळण्याचा अभ्यास दांडगा. अमक्या एक्स्प्रेसला जेऊरला 'स्टॉप' आहे का, असं लोक विचारतात. मुक्कामी एसटीचा मात्र 'नाइट हॉल्ट' असतो, 'नाइट स्टॉप' कधीच नाही. ट्रक माल उतरवण्यावाचून अडकून पडला, तर मालक 'हॉल्टिंग' लावतो. 'स्टॉपिंग'चे पैसे आजवर कोणी मागितलेले नाहीत. यावरून सिद्धान्त निघतो तो असा, की थांबण्यात प्रवाशाचं हित असेल तर स्टॉप आणि गाडीचं किंवा गाडीवाल्याचं असेल तर हॉल्ट.

यावर जाणकार म्हणतील, रेल्वेत 'हॉल्ट स्टेशन' असतंच की, आणि तिथेही माणसंच चढतात-उतरतात. खरं आहे. पण अशा हॉल्टवर सिग्नल नसतो, स्टेशनमास्तर नसतो, तिकिटं बहुधा कमिशनवरचा एजंट विकतो. म्हणजे तिथे गाडी स्टॉप घेते आणि रेल्वेखातं हॉल्ट घेतं. सिद्धान्ताला कुठेच धक्का लागत नाही. उलट 'टेक्निकल हॉल्ट' त्याची बाजू भक्कम करतो: ड्रायव्हर बदलायला गाडी उभी राहते, पण तिथलं तिकीट कोणाला मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा, की मराठीत दोन्हींना 'थांबा' म्हणून आपलं बरं चाललंय, मग हा काथ्याकूट कशाला? बरं चाललंय ते रेल्वेचं. मुंबई-सोलापूर वंदे भारत २०२३ पासून जेऊरवरून धावते. तिचा स्टॉप कुर्डुवाडीला आहे, जेऊरला नाही. पुढचा सिग्नल लाल असला तर तीही जेऊरला मुकाट उभी राहील. दारं तेवढी उघडणार नाहीत. अशा गावानं निवेदनात नुसतं 'थांबा मिळावा' लिहिलं, तर एखादा कर्तव्यदक्ष अधिकारी 'गाडी अधूनमधून थांबतेच' असा शेरा मारून फाइल बंद करू शकतो, आणि मराठीच्या नियमांनुसार तो खोटं बोलत नसेल. तेव्हा निवेदनात 'स्टॉप' लिहावं. मातृभाषेचा अभिमान गाडीत चढल्यावर, जागा मिळाली तर, बसून बाळगता येतो.