पट्टीवाले अण्णा

आमच्या वाचनालयात सकाळचा पेपर आधी कुणी वाचायचा यावरून भांडण होत नाही, कारण तो आधी मोजला जातो. साडेआठला पेपरवाला गठ्ठा टाकून जातो, शिपाई एकेक पेपर सळईत अडकवतो आणि अण्णा कापडी पिशवीतून लाकडी फूटपट्टी काढतात. पट्टीचं टोक मथळ्याच्या डोक्याला टेकवायचं, अंगठ्याने दाबायचं, चष्मा कपाळावर सरकवून शेवटच्या ओळीपाशी नाक न्यायचं आणि "साडेएकवीस" असं पुटपुटून दोनशे पानी वहीत टिपायचं. दिनांक, पेपर, पान, कॉलम, उंची, बाजूने की विरुद्ध, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो : विकलेला.

अण्णा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. म्हणजे मोजणीवाले. तीस-बत्तीस वर्षं तालुक्यातल्या भावाभावांच्या बांधावर उभं राहून कुणाचा किती हे त्यांनी ठरवलं. शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या, चहा मात्र एकीकडचाच प्यायले, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे, ते दोन्हीकडचा प्यायचे. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून त्यांनी पेपर धरला.

त्याला निमित्त कर्जमाफीचं. २०१७ च्या जूनमध्ये पुणतांब्यापासून शेतकरी संप पेटला आणि महिना संपायच्या आत सरकारने ३४ हजार कोटींची, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी वाचनालयात गुरुजी म्हणाले, "बघा, रक्कम आठ कॉलमात आणि निकष पाचव्या पानावर एका कॉलमात. पेपर तुमच्या सरकारने विकत घेतलाय." गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, अण्णांचे बालमित्र आणि पक्के विरोधक. अण्णा म्हणाले, "आठ कॉलम? सहाच आहेत." "आठ!" "सहा!" अण्णा तडक घरी गेले आणि पट्टी घेऊन आले. सात निघाले. एका कॉलमात पायाच्या भेगांवरच्या मलमाची जाहिरात होती. तेव्हापासून मोजणी सुरू आहे.

अण्णांचा पक्ष कोणता आणि गुरुजींचा कोणता, हे मी सांगणार नाही. सांगितलं तर निम्मे वाचक इथेच पान उलटतील आणि उरलेले निम्मे मी किती सेंटीमीटर कुणाच्या बाजूने लिहिलं ते मोजत बसतील.

मोजणीचे नियम दोघांनी मिळून केले आहेत, आणि त्या तहावर दोघांच्या सह्या आहेत. अग्रलेख, राशिभविष्य आणि शब्दकोडं हा पोटखराबा. लागवडीलायक नाही, मोजायचा नाही. टीव्हीवरची 'ब्रेकिंग' म्हणजे अण्णांच्या नोकरीच्या काळातली अतितातडीची मोजणी. तिची फी जास्त आणि हद्द संध्याकाळपर्यंत सरकते, म्हणून तीही नाही. सरकारी जाहिरात हे गायरान, कुणाच्याच खाती धरायचं नाही. पण गायरान म्हटलं की अतिक्रमण आलंच. पहिल्या पानाला पुढून-मागून गुंडाळलेली पानभर जाहिरात आली की गुरुजी म्हणतात, "ही बातमीच आहे, कारण हिच्यामुळे आतल्या बातम्या अशा आल्यात." सरकार त्यांचं असलं की तीच जाहिरात 'जनतेला दिलेली माहिती' होते आणि मग अण्णा पट्टी उपसतात.

फोटोंची मोजणी सगळ्यात नाजूक. साहेबांचं डोकं किती सेंटीमीटरचं छापलं यावर अण्णांचा कटाक्ष असतो. डोळे मिटलेला फोटो म्हणजे सरळसरळ कट. "दिवसभरात माणूस हजार वेळा डोळे मिटतो, तेवढाच बरा सापडला?" एकदा गुरुजींच्या नेत्याचा फोटो वडा खाताना छापून आला. तोंड उघडं, वडा अर्ध्यात. गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं, जेवले होते, वडे तेवढे नाही खाल्ले.

आता कांद्याचं. आमचं गाव लासलगावपासून एसटीने अर्ध्या तासावर, तेव्हा कुठलाही वाद फिरून कांद्यावर येतो. डिसेंबर २०१० मध्ये दिल्लीच्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. दिल्लीत तेव्हा गुरुजींचा पक्ष होता. अण्णा टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "शेतकऱ्याच्या ताटातली भाकरी ओढून शहराला कोशिंबीर वाढताय!" गुरुजी शांतपणे म्हणाले, "देशाचा विचार करावा लागतो अण्णा, महागाई नावाची गोष्ट असते." पुढे ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा निर्यात बंद झाली. आता दिल्लीत अण्णांचा पक्ष. मूठ गुरुजींनी आपटली, भाकरी-कोशिंबिरीसकट. देशाचा विचार अण्णांनी केला. मी दोन्ही वेळा हजर होतो. तेरा वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, फक्त खुर्च्या बदलल्या. मूठ आपटताना गुरुजींचा चहा सांडला, तेवढं नवीन.

त्याच आठवड्यात गुरुजी डोंबिवलीला लेकीकडे गेले होते. येताना त्यांनी एक चीज आणली : आम्ही रोज वाचतो त्याच पेपराची, त्याच तारखेची मुंबई आवृत्ती. त्यांनी ती आमच्या आवृत्तीशेजारी टेबलावर पसरली. आमच्याकडे पहिल्या पानावर चार कॉलम : कांदा कोसळला, शेतकरी हवालदिल, लिलाव बंद, चांदवडला रास्ता रोको. मुंबईकडे सातव्या पानावर एक कॉलम : कांदा उतरणार, गृहिणींना दिलासा. मालक तोच, छापखान्याची शाई तीच, कांदाही तोच.

अण्णांनी दोन्ही मोजल्या. मग कितीतरी वेळ पट्टी हनुवटीला लावून बसले. आयुष्यात प्रथमच एका गटाचे दोन नकाशे त्यांच्यासमोर आले होते आणि दोन्हींवर शिक्का खरा होता. अखेर ते म्हणाले, "नाशिकची आवृत्ती तुम्ही विकत घेतली आहे." गुरुजी म्हणाले, "आणि मुंबईची तुम्ही." यावर मात्र दोघांचं एकमत झालं आणि चहा मागवला गेला.

माझी लाल कांद्याची ट्रॉली त्या वेळी वाचनालयाच्या दारातच उभी होती. लिलाव बंद म्हणून बाजार समितीच्या फाटकावरून परत आणलेली. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. चार दिवसांत वास सुटतो. तो वास आत टेबलापर्यंत येत होता. अण्णांनी नाकाला रुमाल लावला आणि मला हाक मारली, "भाऊ, तू शेतकरी माणूस. तूच सांग." मला वाटलं, आता भाव विचारतील. "तूच सांग, ही बातमी किती कॉलमांची हवी होती?"

मी म्हणालो, "अण्णा, तीन."

"कोणत्या पानावर?"

त्या दिवसापासून दोघंही मला तटस्थ समजतात. म्हणजे दोघंही मला दुसऱ्याचा माणूस समजतात.

गुरुजींची नात पुण्याला मानसशास्त्र शिकते. दिवाळीत आली तेव्हा आजोबांबरोबर वाचनालयात आली आणि मोजणी पाहून म्हणाली, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तिघांनी १९८५ साली छापलाय. बैरुतमधल्या हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच. पण दोन्ही गट म्हणाले, या बातम्या आमच्या विरुद्ध आहेत. पोरीने इतकं छान समजावलं की दोघं म्हातारे माना डोलवत ऐकत राहिले. ती गेल्यावर अण्णा माझ्या कानाशी आले. "ऐकलंस? अगदी गुरुजी." मी दाराशी चप्पल घालत होतो तेव्हा गुरुजींनी खांद्यावर हात ठेवला. "अण्णांना कळलं असेल का रे, की हे त्यांच्यावरच आहे?"

या दोघांचं भांडण बंद पडलेलं मी एकदाच पाहिलं. २ जुलै २०२३, रविवार. दुपारी राजभवनात शपथविधी झाला आणि गुरुजींच्या पक्षातले बरेच मोठे लोक अण्णांच्या पक्षाच्या सरकारात मंत्री झाले. सोमवारी दोघं आले, समोरासमोर बसले. आठ कॉलमांची बातमी टेबलावर पडलेली, पण पट्टी पिशवीतून निघेना. बाजूने म्हणावी की विरुद्ध? कुणाच्या? याआधी २०१९ च्या नोव्हेंबरात असा प्रसंग आला होता. पहाटेच्या शपथविधीने दोघांना एका बाजूला आणलं होतं, पण तो संसार साधारण ऐंशी तासांत मोडला. त्या सकाळी तर पेपरात मुख्यमंत्री एक आणि टीव्हीवर शपथ घेताना दुसरेच. अण्णांनी तो पेपर अजून जपून ठेवलाय. वहीत शेरा आहे : "मोजणी रद्द. जागेवर वस्तुस्थिती वेगळी."

या वेळी मात्र संसार टिकणार असं दिसत होतं. बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकल्यावर गुरुजी म्हणाले, "अण्णा, तुम्ही एवढ्या जमिनी वाटल्या. पोटहिस्सा पडला की थोरल्या भावाने काय करायचं?"

"सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघायचं."

सातबाऱ्याचा निकाल निवडणूक आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ ला दिला. पक्षाचं नाव आणि घड्याळ हे चिन्ह गेलेल्यांकडे गेलं. (चिन्ह सांगितलं म्हणजे नाव सांगितल्यासारखंच, पण महाराष्ट्रात ही चोरी आता राहिलेली नाही.) गुरुजी म्हाताऱ्या साहेबांबरोबर राहिले. दुसऱ्या दिवशी वाचनालयात आले तेव्हा त्यांचं डावं मनगट मोकळं होतं. नोकरीच्या पहिल्या पगारात घेतलेलं एचएमटीचं घड्याळ. रोज सकाळी शाळेच्या घंटेआधी किल्ली दिलेलं. पट्ट्याच्या जागी कातडी तेवढी गोरी दिसत होती. अण्णांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने गुरुजींनी विचारलं, "किती वाजले?" अण्णांनी मोबाइल पाहून सांगितलं. आजही रोज दोन-तीनदा हे होतं. अण्णा एरवी प्रत्येक गोष्टीवर टोमणा मारतात, यावर आजवर मारलेला नाही. वेळ मात्र पाच मिनिटं पुढची सांगतात; ती खोड नोकरीतली.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही. जूनच्या अखेरीस अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवस पेपर बंद. वहीत खाडा पडणार म्हणून ते इतके कासावीस झाले की गुरुजींनीच काम अंगावर घेतलं. अण्णांनी वही दिली, पट्टी दिली नाही. ती पिशवीत नाशिकला गेली, उशाशी राहिली. गुरुजींनी नातीची स्टीलची पट्टी आणली.

नेमका तोच आठवडा! शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून गदारोळ चालू होता आणि २९ जून २०२५ ला सरकारने आपले दोन्ही शासन निर्णय रद्द करून समिती नेमली. एका पेपरात 'माघार', दुसऱ्यात 'समिती'. त्या आठवड्यासारखी रसाळ मोजणी आठ वर्षांत आली नव्हती आणि ती गुरुजींच्या हाती पडली. मी रोज पाहत होतो. त्यांनी जीव ओतून मोजलं. 'माघार' मोजताना हात थरथरला, पण एक मिलिमीटर वाढवला नाही. 'समिती'ही तितक्याच निगुतीने मोजली. शेऱ्याचा रकाना तर त्यांनी अण्णांसाठी कोरा ठेवला.

अण्णा काळा चष्मा लावून परत आले. आल्या आल्या आठ दिवसांचे पेपर मागवले आणि फेरमोजणी सुरू केली. पहिल्याच बातमीला ओरडले, "अर्धा सेंटीमीटर कमी!" पुढची मोजली. अर्धा कमी. तिच्या पुढची, अर्धा कमी. "गुरुजी, बांध कोरलात! सरळ बांध कोरलात! पन्नास वर्षांची मैत्री आणि अर्ध्या सेंटीमीटरसाठी..."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी स्टीलची पट्टी काढली आणि लाकडी पट्टीशेजारी टेबलावर ठेवली. तीसला तीस जुळवले. अण्णांनी काळा चष्मा काढला, नव्या डोळ्याने वाकून पाहिलं. लाकडी पट्टीचं पहिलं टोक झिजून गोल झालं होतं. शून्य कधीच गेलं होतं. पट्टी अर्ध्यापासून सुरू होत होती.

वाचनालयात कुणी पान उलटेना. अण्णांनी त्या टोकावरून बोट फिरवलं. बत्तीस वर्षांच्या मोजण्या त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असतील असं मला वाटलं, मीच म्हणालो, "अण्णा, शेतं साखळीने मोजलीत हो तुम्ही, या पट्टीने नाही." त्यांनी मान हलवली. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे आठ वर्षं प्रत्येक बातमी अर्धा सेंटीमीटर जादा धरली."

"दोन्ही बाजूंची धरली," गुरुजी म्हणाले. "फिटंफाट झाली."

अण्णांचं बोट पट्टीवर थांबलं. "फिटंफाट कशी होईल? बातमीमागे अर्धा. ज्याच्या बातम्या संख्येने जास्त, त्याला जादा मिळालं."

"मग जास्त कुणाच्या होत्या?"

"तुमच्या."

"आमच्या? पेपर तर तुम्ही विकत घेतला होता!"

अण्णांनी पिशवीतून एकेक करून सगळ्या वह्या काढल्या. सव्वीस भरल्या. गुरुजींनी पहिली ओढली, थुंकी लावून पान उघडलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ, दोन चहा सांग. आणि वाजले किती?"